दाजी परबांचा तोफखाना

ऑर्डनन्स म्हणजे तोफखाना असं मी समजलो, आणि समजलो तसं छापलं. छापलं तेही कागदावर नव्हे, फ्लेक्सवर. कागदावरची चूक पावसात भिजते, उंदीर खातात, निदान कुणी तिच्यात भजी तरी बांधून देतं. फ्लेक्सवरची चूक उन्हातान्हात उभी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसते.

बाजाराच्या तोंडाशी माझं फ्लेक्सचं दुकान आहे. मराठी विषय घेऊन मी एम.ए. झालो, आणि आमच्या मालवणच्या बाजूला त्या विषयाला याहून मोठं क्षेत्र मोकळं नव्हतं. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या मुलाचं दहावीचं यश, कुणाची ग्रामपंचायतीवर बिनविरोध निवड, सगळ्यांचं वाङ्मय मीच लिहितो. 'आधारस्तंभ', 'आशास्थान' आणि 'ढाण्या वाघ' हे शब्द मी इतके वापरलेत की पहिलं अक्षर दाबलं की संगणक पुढचा वाघ आपोआप पुरा करतो.

एका स्वातंत्र्यदिनाला आमच्या वाडीच्या मंडळाला माजी सैनिकाचा सत्कार करायची हुक्की आली. अडचण एवढीच की वाडीत माजी सैनिक नव्हता. होते ते दाजी परब. लष्कराच्या कुठल्याशा ऑर्डनन्स डेपोत उभी नोकरी करून ते नुकतेच गावी परतले होते. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "बाबल, तू शिकलेलो. ऑर्डनन्स म्हणजे काय रे?" शिकलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते. मी म्हणालो, "तोफखाना." आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स चढला. इंटरनेटवरून उचललेली एक अजस्र तोफ, तिच्यामागे मिशीवर ताव देणारा कुणी जवान, त्याच्या धडावर दाजींचं रेशनकार्डावरचं तोंड, आणि खाली अक्षरं: 'शत्रूच्या छातीवर आग ओकणारे, तोफखान्याचे ढाण्या वाघ, आमच्या वाडीचे सुपुत्र मा. दाजी परब'. तोफेचं तोंड नेमकं ग्रामपंचायतीच्या दारावर आलं होतं. सरपंच त्या आठवड्यात मागच्या दारानं ये-जा करत होते.

सकाळी दुकान उघडतोय तोच दाजी समोर. बुटका, सुका माणूस. कडक इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी, वर पांढरी बंडी, गळ्यात दोरीला शिट्टी. ती शिट्टी त्यांनी कधी वाजवलेली कुणी ऐकली नव्हती. पण ती नसती तर दाजी कपडे न घातल्यासारखे दिसले असते.

"तोफ, लांब नळीची, एक," ते म्हणाले. "ही खयसून हाडलंस?"

ही त्यांची बोलायची तऱ्हा. डेपोत मालाची नावं म्हणे अशीच उलटी लिहितात, आधी वस्तू आणि मग तिचे गुण, म्हणजे फळीवर शोधायला सोपं. नोकरी संपली तरी जीभ डेपोतच राहिली होती. हॉटेलात शिरले की "चाय, बिनसाखरेची, एक." मासेवालीसमोर उभे राहिले की "बांगडो, ताजो, मोठो." सून पहिल्यांदा घरी आली तेव्हा पाहुण्यांना तिची ओळख "सून, थोरली, कोल्लापूरची" अशी करून दिली होती. ती बिचारी नंतर कितीतरी दिवस आपल्याला कुठल्या फळीवर ठेवणार याची वाट बघत होती म्हणे.

मी ओशाळून म्हणालो, "इंटरनेटवरून, दाजीनू. चुकलां काय?"

"मिया जल्मात तोफ उडवक नाय."

"मगे डेपोत काय करत होतास?"

"तंबू. घोंगडी. मग, इनॅमलचे. बूट. शेवटाक खिळे." खिळ्यांशी येताना त्यांचा आवाज जरा चढला, ती बढती असावी. "ऑर्डनन्स म्हणजे काय ता ठावक आसा तुका? एमे झालंस मां?"

आणि दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी मला तो शब्द सांगितला. त्यांच्या डेपोत एक म्हातारे तमिळ साहेब होते, त्यांच्याकडून दाजींना मिळालेली ती विद्या.

"शबुद मूळचो फ्रेंचांचो. अर्थ मांडणी. हुकूम देवन लावलेली व्यवस्था. पेपरात तुमचो तो वटहुकूम येता मां, इंग्रजीत तेका ऑर्डिनन्स म्हणतत, तो ह्येचो सख्खो भाव. राजान लढाई करूची म्हटल्यार तोफ व्हयी, गोळो व्हयो, बैल व्हये, बैलांक गवत व्हया. ता सगळा जागच्या जाग्यार लावन ठेवचा, ती ऑर्डनन्स. मागसून लोक मांडणी इसारले नी तोफेकच ऑर्डनन्स म्हणूक लागले. देवाक सोडून पुजाऱ्याच्या पायां पडतत, तसा."

मी मान खाली घातली. म्हणालो, "बोर्ड काढून टाकतंय, दाजीनू. आत्ताच."

दाजी उठले, चड्डीवरची धूळ झटकली, नाक्याच्या दिशेनं पाहिलं.

"काढू नको," ते म्हणाले. "मंडळाच्या पोरांचो हिरमोड होतलो. फक्त नाव सुधार. आधी परब, मगे दाजी."

त्या दिवसापासून दाजी दुधाला नाक्यावरून जाऊ लागले. त्यांच्या बायकोनं, माईनं, मला हे विहिरीवर सांगितलं. "दूध दारात येता रे बाबल. तरी ह्ये लोटी घेवन नाक्यार जातत. जाताना बोर्डाकडे बघनत नाय, येताना बघतत."

दाजींचं घर हे आमच्या वाडीतलं एक प्रेक्षणीय स्थळ होतं. खळ्यात, म्हणजे अंगणात, नारळ सोलायची सुळी, कोयता, पहार, बांबूची शिडी, प्रत्येक वस्तूला भिंतीवर आपली खुंटी, आणि खुंटीमागे चुन्यानं त्या वस्तूची आकृती काढलेली. कोयता जागेवर नसला तर भिंतीवर कोयत्याचं भूत दिसायचं. माईचा मासे चिरायचा आडाळो सुद्धा अशाच एका आकृतीत बसायचा. "रांधूक बसलंय नी आडाळो घेतलंय, तर ह्ये इचारतत, खय गेलो? मिया म्हणतंय, माझ्या पायाखाली आसा. तर म्हणतत, मागणी केलंस?" माई हे सांगताना रागावलेली नसे. ती त्यांच्या डेपोत इतकी वर्षं राहिली होती की तिला बहुतेक मुदतवाढ मिळाली होती.

एका साली किनाऱ्याला वादळ लागलं. पत्रे उडाले, माड आडवे झाले, वीज गेली ती परत यायचं नाव घेईना. सगळी वाडी दाजींच्या खळ्यात. दाजींकडे सुंभ होता, खिळे होते, ताडपत्री होती, आणि कंदिलाच्या वाती तर लग्नात वाटण्याइतक्या. त्यांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. पण मागायचं ते त्यांच्या पद्धतीनं. हॉटेलवाला दिगंबर, ज्याच्या स्वयंपाकघरात माड शिरला होता, तो रडवेला होऊन ओरडत होता, "दाजीनू, माका जाडी दोरी दी रे!" आणि दाजी ओट्यावर शांत. "दोरी, सुंभाची, जाडी. असा म्हण." शेवटी भिजलेली, थरथरणारी वाडी ओळीनं उभी राहून "खिळो, लांब" आणि "पत्रो, छोटो" अशी मंत्र म्हटल्यासारखी म्हणत होती. मी ताडपत्री मागायला गेलो आणि घाईत 'निळी ताडपत्री' म्हणून बसलो. एम.ए. मराठी असल्यामुळे मला रांगेच्या शेवटी परत पाठवण्यात आलं.

संध्याकाळी दिगंबरच्या हॉटेलात दाजींचा दरबार. वाडीला एकच प्रश्न पडलेला असे, "दाजीनू, तोफ किती लांब मारता?" आणि दाजींकडे दुसरंच उत्तर असे. शब्दांचं. त्या तमिळ साहेबांनी एकदा नाद लावला होता, मग दाजी डेपोतल्या प्रत्येक वस्तूच्या नावाची कूळकथा शोधत बसत.

"तोफ ह्यो शबुद तुर्कांचो," ते बशीत चहा ओतत म्हणायचे. "तेंच्यात तोप म्हणजे गोळो. चेंडूक सुद्धा तोपच. बंदूक अरबांची. बंदूक म्हणजे थंयची एक बी. कडक कवचाची, वाटोळी. तेवढी गोळी उडवची म्हणान बंदूक."

"म्हणजे काजीसारखी बी?" दिगंबरनं विचारलं.

"तशीच काय ती."

"मगे माझी काजीची बाग म्हणजे शस्त्रागार झाला!" हॉटेल हसलं.

दाजी हसण्याकडे लक्ष देत नसत. "काडतूस पोर्तुगिजांचा. ता गोंयातसून इला, दोडामार्गान, तपासणी नाक्यार न थांबता. आणि हत्यार? हत्येशी तेचा काय एक नाता नाय. हत्यार म्हणजे हातात धरूची वस्तू. आता बघा. कोण बी म्हणता, कोण चेंडू म्हणता, कोण हातातली वस्तू म्हणता, कोण मांडणी म्हणता. इतक्या नावांत मारूचा नाव कोणी घेवक नाय. माणूस बनयता मारूक, नी नाव ठेवताना लाजता."

दिगंबरनं हातातली किटली खाली ठेवली. मला वाटलं, पोचलं. तेवढ्यात कोपऱ्यातून मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "ता खरा, दाजीनू. पण तोफ किती लांब मारता ता सांगूक नाय तुमी."

घरी जाऊन मी शब्दकोशात पाहिलं. बहुतेक सगळं बरोबर होतं. मी ते मनात ठेवलं आणि वादळानंतर मंडळाच्या पोरांनी परत बांधलेला नाक्यावरचा फ्लेक्स तसाच ठेवला. सत्य कळलं म्हणून कुणी फ्लेक्स उतरवत नाही; पुढचा चढवायचा असला तरच उतरवतात.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

आमच्या रवळनाथाच्या जत्रेत उखळीचा मान असतो. उखळी म्हणजे लोखंडाची, उलट्या ठेवलेल्या घंटेसारखी जाड कुंडी. तिच्यात बारूद ठासायची, लांब काठीच्या टोकाला पेटता काकडा लावून बत्ती द्यायची, की असा बार होतो की खाडीपलीकडचे लोक म्हणतात, झाली यांची जत्रा सुरू. तो बार उडाला की पालखी देवळाबाहेर पडते. हा बार उडवायचा मान गावकरांच्या घरचा. पण गावकरांची घरं दोन, थोरलं आणि धाकटं. थोरल्या घरचा तातू, धाकट्या घरचा शांतू. चुलत भाऊ, मधली भिंत सामाईक. बार आजोबांच्या वेळी कुणी उडवला यावरून दोघांचं बोलणं बंद. तातूला शांतूला काही सुनवायचं असलं की तो आपल्या म्हशीशी बोलायचा. "लोकांच्या गडग्यार चढतंस? लाज नाय तुका?" म्हैस गोठ्यात रवंथ करत असायची आणि शांतू भिंतीपलीकडून आपल्या कुत्र्याला उत्तर द्यायचा. ती दोन जनावरं सोडली तर त्या भांडणात समजूतदार कुणी नव्हतं.

त्यामुळे कित्येक जत्रा मुक्या गेल्या. एकाला मान दिला तर दुसरा पालखीच्या वाटेत आडवा पडणार, म्हणून उखळी कुणीच उडवायची नाही, असं ठरलं. मग आंब्याचा मोहोर गळला की बार उडाला नाही म्हणून. माकडांनी चिबडं खाल्ली की बार नाही म्हणून. कुणाच्या मुलाचं लग्न जमेना, तरी बारच. माझं दुकान चालत नव्हतं तेव्हा माझ्या आईनं सुद्धा उखळीकडे बोट दाखवलं होतं.

शेवटी मानकऱ्यांनी देवाला कौल लावायचं ठरवलं. गुरवानं देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. "मान तातूक?" पाकळी हलेना. "शांतूक?" ढिम्म. सगळे घामाघूम. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष, जे नुकतेच नाक्यावरून माझ्या फ्लेक्सखालून आले होते, म्हणाले, "तोफखान्याच्या माणसाक इचारून बघूया." गुरवानं विचारलं, आणि उजवी पाकळी टपकन पडली. पंखा त्याच वेळी कुणी वाढवला असं काहीजण म्हणतात. मी त्यावर मत देत नाही, पंख्याच्या देणगीदाराचा फ्लेक्स मीच केला होता.

दुसऱ्या दिवशी दाजी दुकानात आले. शिट्टी गळ्यात होती, पण इस्त्री नव्हती. दाजींच्या चड्डीला इस्त्री नाही हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"तुझो बोर्ड माका खावक उठलो रे, बाबल."

मी म्हणालो, "दाजीनू, खरां सांगून टाका. उडवक येणा नाय म्हणान सांगा."

"कसो सांगू? देवाचो कौल तो. मिया नाय म्हटल्यार मान परत तातू-शांतूच्या मधी पडतलो. ते पालखीच्या वाटेर एकामेकाची डोकी फोडतले. आणि..." त्यांनी नाक्याकडे बघितलं. "आणि लोक काय म्हणतले?"

एवढंच त्यांचं दुखणं होतं, आणि ते खरं होतं. त्यांनी लबाडी कधी केली नव्हती. सगळ्यांना पहिल्यापासून खरं सांगत होते, अगदी शब्दाच्या पाळामुळांसकट. कुणी ऐकलं नाही हा त्यांचा दोष नव्हता. पण त्या फ्लेक्सखालून ते दुधाची लोटी घेऊन जात आले होते, तेवढा मात्र होता.

ते गेल्यावर मागून माई आली. पदरानं तोंड पुसत, आवाज खाली आणून म्हणाली, "बाबल, तुका म्हणान सांगतंय. ह्येंका आवाजाची भीती. दिवाळीत पोरां फटाके उडयतत, तेव्हा ह्ये कानात कापूस घालून न्हाणीत बसतत. कुकराची शिट्टी होवक इली की खळ्यात जावन उभे रवतत. उखळी कशी उडयतले रे ह्ये? थंयच काय झाला तर?"

माझ्या पोटात गोळा आला. तुर्की नव्हे, मराठी.

जत्रेचा दिवस. उन्हं कलती झालेली, दिवे लागायला अजून अवकाश. देवळासमोरच्या पटांगणात सगळा गाव, माहेरवाशिणी, मुंबईकर, खाजेवाले, फुगेवाले. पालखी सजून दारात उभी, भोई खांदा बदलतायत. आणि मधोमध दाजी. खाकी चड्डीला अशी इस्त्री की तिच्या धारेवर बांगडा चिरावा. समोर धुतलेलं गोणपाट अंथरलेलं, आणि त्यावर मांडणी: उखळी, घासून लख्ख केलेली, बारूद, डब्यात, डबा, मोठ्या डब्यात, ठासायचा दांडा, काठी, काकडा, पाण्याची बादली, वाळूची बादली. प्रत्येक वस्तूभोवती चुन्याची रेघ. अशी नटलेली उखळी गावानं कधी पाहिली नव्हती. एका बाजूला तातू छाती काढून, दुसऱ्या बाजूला शांतू छाती काढून, दोघांच्या नजरा दोन क्षितिजांवर.

बार उडवण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. ते मानकऱ्यानं घालायचं आणि गावानं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. देवासमोर दिलेला तो होकार मागे घेता येत नाही, हा आमच्याकडचा कायदा. कोर्टात फिरलेली साक्ष आमच्याकडे चालते, गाऱ्हाण्यात फिरलेली नाही.

दाजींनी हात जोडले, गळा साफ केला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या कौलान उखळीचो मान माझ्या पदरात पडलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण मिया चाकरी केलंय ती ऑर्डनन्सात, म्हाराजा! तोफखान्यात नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ऑर्डनन्स ह्यो शबुद फ्रेंच लोकांचो, म्हाराजा! तेचो अर्थ मांडणी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव एका सुरात गरजला. फ्रान्सच्या इतिहासात त्या शब्दाला इतका पाठिंबा मिळाला नसेल.

"ह्या बाबलान तेचो अर्थ तोफखानो म्हणान छापल्यान, ती चुकी तेच्या पदरात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" हा सगळ्यांत मोठा झाला. माझी आई सुद्धा ओरडली.

"मांडूचो मान माझो, म्हाराजा! मांडलेला मागूचो नी उडवचो मान गावकरांच्या घरचो, म्हाराजा! जी काय वाकडीतिकडी आसात ती सरळ कर, नी थोरल्या-धाकट्याच्या हातून ही तुझी सेवा करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गावाचा होकार पडून गेला आणि मग गावाला कळलं आपण कशाला होकार दिला. तातू आणि शांतूनं सुद्धा सवयीनं 'व्हय' म्हटलं होतं. दाजींनी त्यांना वेळ दिला नाही. बारुदीचा डबा तातूच्या हातात, काठीला लावलेला पेटता काकडा शांतूच्या हातात. "भरूचा थोरल्या घरान. बत्ती धाकट्यान. मागणी करा."

तातू बाजूच्या माणसाला म्हणाला, "तेका सांग, मिया भरतंय तवसर लांब उभो रव म्हणान."

"मधलो माणूस चलाचो नाय," दाजी म्हणाले. "मागणी थेट. तोंडी. म्हशीमार्फत सुद्धा चलाची नाय."

पटांगणात हसू फुटलं आणि लगेच विरलं, कारण ते दोघे बोलेचनात. भोयांनी परत खांदा बदलला. गुरव म्हणाला, "देव ताटकळलो रे." ऊन देवळाच्या कौलांवरून वर सरकत चाललं. दाजी ताठ उभे होते, पण मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांची मागे बांधलेली बोटं एकमेकांना चुरत होती. आता या दोघांपैकी एकानं डबा खाली ठेवला असता, तर ती काठी परत दाजींच्याच हातात आली असती. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि बायकांच्या घोळक्यात पदर तोंडात धरून उभ्या असलेल्या माईला ठाऊक होतं.

शेवटी शांतूचा धीर सुटला. काकड्याचं तेल काठीवरून त्याच्या हातावर ठिबकत होतं.

"भर रे तातू, आवशीक खाव तुझ्या! हात भाजता माझो!"

"भरतंय मां!" तातू खेकसला. "मेल्या, काठी मागे धर! मिया हंय वाकलंय, दिसणा नाय तुका?"

किती वर्षांनी त्या दोन घरांत झालेलं ते पहिलं संभाषण. तातूनं उखळी भरली, ठासली, मागे सरला. शांतूनं काठी पुढे केली. दाजी हळूच एक पाऊल मागे आले, मग आणखी एक, मग माझ्या मागे. माझ्या सदऱ्याचा मागचा भाग दोन मुठींत आवळला गेला आणि माझ्या पाठीवर एक कपाळ टेकलं.

बार झाला. पटांगण हादरलं, कावळे उठले, खाडीपलीकडून कुत्री भुंकली. मी डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो आणि दाजी माझ्यावर. पण त्याआधीच पालखी उठली होती, गुलाल उडाला होता, आणि आमच्याकडे बघायला कुणी शिल्लक नव्हतं. दाजी उठले, चड्डी झटकली, आणि म्हणाले, "उखळी, रिकामी, एक. थंड झाल्यार परत जमा करूची."

दुसऱ्या दिवशी दिगंबरच्या हॉटेलात मी ऐकत बसलो. मला वाटलं होतं, आता तरी तो शब्द गावाला कळला असेल. त्यांनी त्याला तोंड भरून होकार दिला होता. अध्यक्ष सांगत होते, "तोफखान्याचो माणूस म्हटल्यार तोच! बघितलास? सोता हात लावक नाय. लांबसून नजरेन उडयल्यान. मोठे तोफवाले फुडे कधी उभे रवणत नाय." तातू मान हलवत होता. शांतूही. पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

मी दाजींकडे बघितलं. ते बशीत चहा ओतत होते. मी हळूच म्हणालो, "दाजीनू, सांगा मां तेंका परत. मांडणी म्हणान."

"असूंदे रे, बाबल," ते म्हणाले. "लोकांक अर्थ नको आसता. आवाज व्हयो आसता."

त्यानंतर त्यांनी कुणाला तो शब्द समजावून सांगितला नाही. तोफ किती लांब मारते असं कुणी विचारलं तर समुद्राकडे बघून नुसतं "जाता थोडी" म्हणायचे. आणि गंमत अशी की तेवढ्यानं विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं.

मग माईचे गुडघे गेले, दाजींचे डोळे अधू झाले, आणि कोल्हापूरला स्थायिक झालेल्या थोरल्या मुलानं दोघांना कायमचं न्यायचं ठरवलं. पुढे ते गावी परतले नाहीत. तिकडेच गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यामुळे तळेरे स्टँडवरची भेट ती शेवटची. मी त्यांना सोडायला गेलो होतो. सामान असं बांधलेलं की एस.टी.चा कंडक्टर सुद्धा बघत राहिला. गाडीला वेळ होता म्हणून बाकावर बसलो. शेजारी एक जाडजूड, रुबाबदार गृहस्थ. विजयदुर्ग बघून परत निघाले होते, आणि किल्ल्यावर जे दिसलं त्यानं भारावलेले होते.

"काय तोफा असतील हो त्या काळी!" ते दाजींना म्हणाले. दाजींची खाकी चड्डी आणि ताठ पाठ बघून त्यांनी अंदाज बांधला असावा. "आपण कुठे होता नोकरीला?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. गाडी अजून वळणावर दिसत नव्हती.

"तोफखान्यात," ते म्हणाले.

माईनं पदराआड खोकल्यासारखं केलं. गृहस्थ बाकावर पुढे सरकले. "वा! मग सांगा ना, तोफ डागतात तेव्हा नेमकं कसं वाटतं?" आणि दाजी सांगू लागले. हळू, बेतानं, अधू डोळे मिटून. जमीन कशी हलते, कावळे कसे उठतात, कानात कसली शांतता भरते. त्यांनी बघितलेला बार एकच, आणि तोही माझ्या पाठीला डोकं लावून. पण सांगत होते ते असं की माझ्याही अंगावर काटा आला.

मला राहवेना. इतक्या वर्षांनी आपली चूक आपणच दुरुस्त करायची संधी, म्हणून मी मध्ये तोंड घातलं. "नाही हो, तसं नाही. हे होते ऑर्डनन्समध्ये. तो मूळचा फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ खरं तर मांडणी..."

गृहस्थांनी मला खालून वर न्याहाळलं.

"तुम्ही होता का लष्करात?"

"नाही. माझं फ्लेक्सचं दुकान आहे."

"मग गप्प बसा," ते म्हणाले, "आणि जाणत्या माणसाला बोलू द्या."